लॅमिनेशन केलेला निष्कर्ष : बारामती, इंदापूर आणि बावड्याच्या अलीकडचं एक गाव

फोटो यायला लागले तेव्हाच मी ठरवलं की स्वतः जाऊन बघायचं. आठवी ते दहावीच्या मुलांनी स्वतःच प्रश्न विचारावेत, स्वतःच तपासून बघावं, यासाठी पुण्यातल्या आमच्या छोट्याशा संस्थेनं एक पेटी तयार केली आहे. तिचं नाव शोधपेटी. आत भिंगं, परीक्षानळ्या, तापमापी, छोटा तराजू आणि तपासायच्या प्रश्नांची कार्डं. कार्डं माझी. ती लिहिताना घरच्यांनी माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. पेट्या शाळाशाळांत पोचल्या आणि फोनवर फोटो येऊ लागले. टेबलावर पेटी, पेटीला हार, मागे ओळीनं शिक्षक, कडेला उदबत्ती. एकाही फोटोत पेटी उघडी नव्हती.

म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी स्वारगेटहून बारामतीची विनाथांबा एसटी पकडली. जाणाऱ्यांसाठी सांगते, सकाळची पहिली गाडी घ्या, नाहीतर हडपसरमध्येच दिवसाचा उत्साह संपतो. बायकांना तिकीट अर्धं लागतं, त्यामुळे गाडीत आमचंच राज्य होतं. सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता. मागच्या चाकावरची सीट मात्र टाळा. मी टाळली नाही, आणि मोरगावपर्यंत मणक्यांची संख्या मला पाठ झाली.

शेजारी कळसच्या एक मावशी होत्या. माझ्या मांडीवरच्या जादा भिंगांच्या खोक्याकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

"शाळंचं सामान व्हय?"

"हो. मुलांनी हाताळून बघायचं."

"मोडतील की."

"मोडलं तर मोडलं, मावशी."

"मग मोडायचंच हाय तर देताय कशाला?" असं म्हणून त्यांनी मला दोन बोरं दिली. त्यांना माझी दया आली असावी.

बारामतीतले रस्ते पुण्यापेक्षा रुंद आणि स्वच्छ आहेत. पुणेकराला हे कबूल करायला जड जातं, म्हणून एकदाच लिहिते. तिथल्या एका शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी फार प्रेमानं स्वागत केलं आणि मला थेट त्यांच्या ऑफिसात नेलं. आमची पेटी तिथे काचेच्या कपाटात होती, क्रीडास्पर्धेच्या ढाली आणि एका चांदीच्या रंगाच्या गणपतीच्या मधोमध. कारखान्यातून निघताना घातलेलं प्लॅस्टिक अजून अंगावर होतं.

"मुलांना देता का वापरायला?" मी विचारलं.

"दोन पेट्यांतली दुसरी वर्गात दिली होती एकदा," बाई म्हणाल्या. "एक भिंग फुटलं. मग मी रीतसर चौकशी लावली."

चौकशी अगदी पद्धतशीर झाली होती. भिंग शेवटचं कुणाच्या हातात होतं, खिडकीपाशी कोण उभं होतं, काचा कुठे सापडल्या, सगळ्या मुलांना एकेकटं बोलावून विचारलं होतं. दोन जबाब जुळले नाहीत म्हणून ते पुन्हा नोंदवले होते. मी थक्क झाले. प्रश्न, पुरावा, पडताळणी, निष्कर्ष, माझ्या कार्डांत जे जे होतं ते सगळं या शाळेनं केलं होतं. फक्त ते मुलांनी केलं नव्हतं, मुलांवर केलं होतं.

रात्री स्टँडजवळच्या खानावळीत पिठलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ठेचा मागताना "कमी तिखट" म्हणू नका. वाढपी तुमच्याकडे बघतो, आणि मग तोच ठेचा थोडा कमी वाढतो.

दुसऱ्या दिवशी इंदापूरची गाडी. हंगामात या रस्त्यावर घाई असलेल्यानं येऊच नये. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी, आणि मागे आमची एसटी निमूटपणे चाललेली. शेळगावला गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीमागून ऊस उपसणारी पोरं दिसली. ड्रायव्हर ओरडला, आणि मग त्यानं स्वतःसाठीही एक कांडं मागून घेतलं. इंदापुरात उतरून हायवेजवळ उजनीची चिलापी खाल्ली, कुरकुरीत तळलेली. काटे फार, पण वेळ असेल तर जरूर खा. तिथून बावड्याकडे जाणारी वडाप जीप. जीप भरली की निघते, आणि भरली म्हणजे काय याबद्दल ड्रायव्हरचं मत तुमच्याहून वेगळं असतं.

ज्या गावात उतरले त्याचं नाव देत नाही. कारण पुढे कळेल.

इथली पेटी उघडी होती. बघूनच मला भरून आलं. नळ्यांवर डाग होते, तापमापीला दोरा बांधलेला होता. विज्ञानाचे काळेसर तिशीतले, अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोटांना खडू. त्यांनी माझी कार्डं बाहेर काढली. सगळी लॅमिनेशन केलेली, कोपरे गोल कापलेले.

"मॅडम, कार्डं उत्तम आहेत, पण छपाईत एक घोटाळा झालाय," ते आवाज खाली आणून म्हणाले. "प्रत्येक कार्डावर निष्कर्षाची चौकट रिकामीच राहिलीय. तुम्हाला कमीपणा नको म्हणून वर कुणाला कळवलं नाही. आम्हीच भरून घेतलं."

खरंच भरलं होतं. प्रत्येक रिकाम्या चौकटीत टाइप केलेला निष्कर्ष चिकटवून त्यावर लॅमिनेशन. या कामात त्यांची अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती.

"प्रयोग करून भरलेत?" मी विचारलं.

"प्रयोगाला वेळ कुठं असतो, मॅडम? आणि उत्तर तर माहितीच असतंय की."

आमच्याकडे प्रयोगवही अशीच तर भरतात. उद्देशापासून निष्कर्षापर्यंत सगळं आधी फळ्यावरून उतरवून घ्यायचं, अक्षर सुंदर काढायचं, आणि मग वेळ उरला तर नळीत काहीतरी घालून बघायचं. नळीतलं वहीशी जुळलं नाही तर नळी धुऊन टाकायची. मीही अशाच वह्यांवर पहिला वर्ग मिळवला. काळेसरांवर रागावू की त्यांचे आभार मानू, मला कळेना. एवढ्या मायेनं माझ्या कामाचा सत्यानाश आजवर कुणी केला नव्हता.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. ऋतुजा. हातात तीन बाटल्या आणि एक तक्ता. दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिचा प्रयोग अडला होता.

तिचं कार्ड होतं, "गावातल्या कुठल्या पाण्याला साबणाचा किती फेस येतो?" पाण्यात क्षार जास्त असतील तर अंगाच्या साबणाला फेस कमी येतो, एवढीच गोष्ट. सरांनी चिकटवलेला निष्कर्ष असा : शुद्ध पाणी यंत्राच्या पाण्यास भरपूर फेस येतो, बोअरच्या पाण्यास अत्यल्प. आणि ऋतुजाच्या दोन्ही बाटल्यांत फेस सारखाच होता, म्हणजे जवळजवळ नव्हताच.

"सर म्हणले, यंत्राच्या पाण्यात साबण वाढव," ती मला म्हणाली. "एकातच कसा वाढवायचा? वाढवला तर सगळ्यातच वाढवाया लागंल की."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. ही ओळ मी कार्डावर पाच वेळा खोडून लिहिली होती, आणि इतकी सोपी मला जमली नव्हती.

"तिसरी बाटली कसली?"

"बॅटरीत घालायचं बिनक्षाराचं पाणी. गॅरेजातनं आणलं. साबणच खराब असंल तर कळाया पायजे ना." तिनं ती हलवली. फेस बुचापर्यंत गेला.

घोटाळा असा होता की पैसे टाकून कॅन भरायचं ते यंत्र गावचे पुढारी तात्या यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बसवलं होतं. वर वडिलांचा फोटो होता. उद्याचे प्रमुख पाहुणे तात्याच होते, आणि शाळेची कंपाउंडची भिंत बांधायचा शब्दही त्यांनीच दिला होता. ऋतुजाची आई रोज त्याच यंत्राचे दोन कॅन भरून आणायची. "पैसं देऊन बोअरचंच पाणी आणतोय का ते मला बघायचंय," ऋतुजा म्हणाली. "अन् बघितलं तर लिवायचं न्हाय, असं कसं?"

हेडसर आले. त्यांनी बाटल्या बघितल्या, तात्यांच्या वडिलांचं मनात स्मरण केलं असावं, आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, कार्ड तुमचं. तुम्हीच सांगा, बरोबर उत्तर काय?"

"तिला दिसलं ते."

"ते झालंच. पण अधिकृत काय?"

शेवटी तडजोड निघाली. ऋतुजाचा प्रयोग राहील, पण जिन्याखालच्या कोपऱ्यात, आणि तक्त्यावरच्या निष्कर्षासमोर फुलदाणी ठेवायची. ऋतुजाचे डोळे भरले होते, आणि मला माझी लाज वाटली, कारण मीही मान डोलावली होती. संध्याकाळच्या जीपनं मी इंदापूरला लॉजवर परतले.

सकाळी परत आले तेव्हा मंडपात पाच ज्वालामुखी धुमसत होते. सिरिंजवर चालणारे जेसीबी होते, पवनचक्क्या होत्या. प्रत्येक मूल "नमस्कार, माझ्या प्रयोगाचे नाव" अशी सुरुवात करून एका दमात शेवटपर्यंत जात होतं. मध्ये प्रश्न विचारला तर पुन्हा पहिल्यापासून. मी एकाला विचारलं, ज्वालामुखीत खाण्याचा सोडाच का? तो म्हणाला, "आमच्याकडं दरवर्षी त्योच असतोय."

तात्या आले. पांढरे कपडे, मागे पाच-सहा माणसं, त्यांत हार सांभाळणारा पुतण्या. ज्वालामुखींवर ते खूश झाले. पण गुडघे दुखत असल्यानं फार उभं राहवेना, आणि पाहुण्यांची खुर्ची उन्हातून हलवून कुणीतरी जिन्याखाली सावलीत ठेवली होती. तात्या नेमके ऋतुजासमोर जाऊन बसले. हेडसरांचा चेहरा मी वर्णन करत नाही.

"काय गं, तुझं काय हाय?"

ऋतुजानं काळेसरांकडे एकदा बघितलं. सरांनी मान वळवली. मग तिनं सुरुवात केली, पाठ न केलेल्या आवाजात, अडखळत.

"ह्यातलं आपल्या यंत्राचं कंचं?" तात्यांनी विचारलं. तिनं दाखवलं. तात्यांनी बाटली स्वतः हलवली. फेस नाही. जोरात हलवली. नाही.

"साबण कुजका हाय तुझा."

"त्योच साबण ह्यात बी हाय, तात्या." तिनं बॅटरीच्या पाण्याची बाटली पुढे केली. तात्यांनी हलवली, आणि फेस त्यांच्या शर्टाच्या बाहीवर आला.

तात्यांनी तिन्ही बाटल्या पुन्हा हलवल्या, एकेक करून, शांतपणे. मग फुलदाणी हातानं बाजूला केली आणि मोठ्यानं वाचलं, "यंत्राच्या व बोअरच्या पाण्यास सारखाच फेस येतो. कारण आम्हांला माहीत नाही."

ते मागे वळले. "फिल्टर कवा बदलला रं?"

पुतण्यानं हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बदलायचा असतोय व्हय त्यो?"

भाषणात तात्या विज्ञानाच्या प्रगतीवर बोलले, भिंतीबद्दल काहीच बोलले नाहीत. पहिलं बक्षीस मधल्या ज्वालामुखीला मिळालं. जाताना त्यांनी हेडसरांना विचारलं, "त्या पोरीचं नाव काय?" एवढंच. हेडसरांनी नाव सांगितलं आणि घाम पुसला. ऋतुजा तिकडे बाटल्या धूत होती. मी तिला जादा भिंगांचं खोकं दिलं आणि दुपारच्या जीपनं निघाले. परतीच्या एसटीत सीट चांगली मिळाली, पण झोप लागली नाही.

घरी आल्यावर पहिले काही दिवस मी हेडसरांच्या फोनची भीतीनं वाट बघितली. फोटो आला. यंत्रावर नवा फलक होता : "तात्यांच्या दूरदृष्टीतून नवीन फिल्टर बसवण्यात आला." पाठोपाठ काळेसरांनी पाठवलेला फोटो. फेसाच्या कार्डावर नवा निष्कर्ष चिकटवून, नव्यानं लॅमिनेशन केलेलं : "यंत्राच्या व बोअरच्या पाण्यास सारखाच फेस येतो." खाली ऋतुजाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. मी डोक्याला हात लावला. इतका प्रवास, इतकी चिलापी, आणि माझी चौकट पुन्हा प्लॅस्टिकखाली गेली होती.

लोक विचारतात, जावं का तिकडे? जरूर जा. हिवाळ्यात जा, ठेचा पूर्ण मागा. एखाद्या शाळेत गेलात तर पेटीचा फोटो काढू नका, आधी ती उघडा. मी आता कार्डांच्या नव्या छपाईत मोठ्या अक्षरांत लिहिणार होते, "ही चौकट मुद्दाम रिकामी आहे." वाक्य लिहून ठेवलंसुद्धा होतं, तेव्हा काळेसरांच्या फोनवरून ऋतुजाचा फोन आला.

"मॅडम, फिल्टर बदलल्यावर परत बघितलं. आता यंत्राच्या पाण्याला फेस येतोय, लई. अन् कार्डावर माझ्याच नावानं लिवलंय, सारखाच येतोय म्हणून. आठवीची पोरं तेच उतरवून घ्यायलीत."

"मग काय करतेस?"

"कडंनं कापतीय. आतला कागद काढून टाकती, चौकट मोकळी करती."

"अगं, काळेसर रागावतील. किती मेहनतीनं केलंय त्यांनी."

"ब्लेड सरांनीच दिलंय," ती म्हणाली. तिचं लक्ष फोनवर नव्हतं. मागून सरांचा आवाज ऐकू आला, "सावकाश काप. प्रश्नाचं अक्षर फाटू देऊ नकोस."