फ्रिजमधली गाडीची चावी

शूटिंग कुणाच्या घरात असलं की कानसेन आधी स्वयंपाकघरात शिरायची आणि फ्रिजचं बटण बंद करायची. फ्रिज घुरघुरतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपण त्याच्यासोबत राहतो. पण माईक पाहुणा असतो, त्याला सगळं ऐकू येतं. आणि ती घुरघुर एकदा संवादाच्या मागे जाऊन बसली की कुणाच्या बापाच्यानं निघत नाही. म्हणून बटण बंद. आणि बंद केल्या केल्या ती गाडीची चावी त्याच फ्रिजमध्ये ठेवायची. निघताना गाडी लागणार, गाडीला चावी लागणार, चावीसाठी फ्रिज उघडणार, आतला दिवा लागला नाही की बटण आठवणार. अकरा वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नव्हती.

फसली ती एका गुरुवारी. आणि कानसेनकडूनच फसली, म्हणून हे सांगायचं.

कानसेन हे काही खरं नाव नाही. नववीत दोनदा आपटल्यावर घरच्यांनी तिला मामाच्या रिपेअरिंगच्या दुकानात बसवलं. तसं शाळेलाही ती नकोशीच झाली होती, कारण प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना ती उठून म्हणाली होती, "सर, माईकचं अर्थिंग गेलंय." गेलंच होतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती म्हणे. मामाच्या दुकानात मात्र तिचे कान कामी आले. पंखा नुसता फिरताना ऐकून ती सांगायची, बेअरिंग गेलंय की पातं वाकलंय. एक दिवस फिल्मा काढणारे मास्तर एक मेलेला माईक घेऊन आले. तिनं तो तासाभरात उठवला आणि वर सुनावलं, "वायर अशी गुंडाळतात का? तुमच्या गळ्याभोवती गुंडाळली असती तर कळलं असतं." मास्तरांनी तिला तिथल्या तिथं कामावर घेतलं.

कंपनी म्हणजे काय, तर सोफे शिवणाऱ्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि चार माणसं. मास्तर गणित शिकवायचे, ते सोडून दिग्दर्शक झाले. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, कोर्टाबाहेर टायपिंग करायची, ती आता एडिटिंग करते. तिचा भाऊ लग्नाचे फोटो काढून काढून कंटाळलेला, तो कॅमेऱ्यावर. मास्तरांचा मेहुणा म्हणून तो जगाचाच मेहुणा झाला. आणि आवाजाला कानसेन. आग लागल्यावर काय करावं, मशीनमध्ये बोट घालू नये, हात कसे धुवावेत, असल्या फिल्मा काढून हे चौघं जगले. आपला मोठा सिनेमा काढायचा, एवढं एकच धरून बसले होते. अकराव्या वर्षी तो निघाला. शूटिंग संपत आलं, एकच सीन उरला.

तो सीन स्वयंपाकघरातला. आई पीठ मळतेय, खूप वर्षांनी आलेली मुलगी दारात उभी, दोघीही बोलत नाहीत. संवाद शून्य. पिठावरच्या हातांचा आवाज, बांगडीचा आवाज, मुलीच्या श्वासाचा आवाज, बस. म्हणजे तो सीन कानसेनचा होता. मास्तर म्हणायचेच, "हा सीन मी लिहिलाय, पण काढणार तू."

स्वयंपाकघर केकवाल्या काकूंचं होतं. काकू घरी केक करून विकतात, गल्लीतल्या अर्ध्या पोरांचे वाढदिवस त्यांच्या हातचे. बहिणीकडे एक दिवस मुक्कामाला जायचं होतं म्हणून त्यांनी गुरुवारी घर यांच्या ताब्यात दिलं आणि बजावलं, "फ्रिज तासभर बंद चालेल. जास्त नाही. आत उद्याच्या दोन ऑर्डरी आहेत."

"तासभर म्हणजे तासभर," कानसेन म्हणाली.

गुरुवारी नुसती तालीम आणि आवाजाची चाचणी होती, सीन शुक्रवारी काढायचा होता. त्या दिवशी दुपारी तिला मोठ्या स्टुडिओत बोलावणं होतं. मालिकांचे आवाज भरतात ना, तो स्टुडिओ. काचेची खोली, पक्की नोकरी, रविवारची सुट्टी. आणि त्यांनी तिला न्यायला गाडी पाठवली! आजवर कानसेननं सगळ्यांना गाडीतून नेलं होतं, तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. हॉर्न वाजला तशी ती हेडफोन काढून, केस नीट करून पळाली. उद्या परत इथंच यायचं म्हणून सामान आणि गाडी तिथंच ठेवून मास्तर आणि मेहुणा बसनं गेले. चावी कुणालाच लागली नाही. फ्रिज कुणीच उघडला नाही.

स्टुडिओवाल्यांनी तिला आवाज ऐकवून दोष ओळखायला लावले. तिनं सगळे ओळखले, वर त्यांच्या एसीचा दोषही सांगितला. "सोमवारी दहाला रुजू व्हा," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी काकू परत आल्या. दारात गाडी उभी. आत फ्रिज उघडला तर दिवा नाही, थंडावा नाही, नुसता आंबूस भपकारा. क्रीम फाटून ताटभर पाणी सुटलेलं. आणि तीन मजली लग्नाच्या केकचा वरचा मजला खचून खालच्यावर बसलेला, त्यात गाडीची चावी रुतलेली.

चौघं शूटिंगला पोचले तेव्हा काकूंनी दार अर्धंच उघडलं. हातात क्रीम लागलेली चावी.

"ही कुणाची?"

मेहुण्यानं तोंड उघडलं, "काकू, काय आहे ना, लाईट गेली असेल..."

"गप रे," कानसेन म्हणाली. "माझी आहे काकू. बटण मी बंद केलं, चालू करायचं मी विसरले. लाईट वगैरे काही नाही."

"मग? खरं बोललीस म्हणून पाठ थोपटू?"

"नको."

"लग्नाचा केक मी चार तासांत मरमर मरून परत करेन. पण तो दुसरा? निवृत्त होतायत ते. छत्तीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचले त्यांनी. आज चार वाजता सगळ्या ऑफिससमोर काय कापतील? पाव?" काकूंनी चावी पदरात गुंडाळली. "सामान उचला. गाडी इथंच राहील. आणि माझ्या घरात पाऊल नाही टाकायचं."

दार लागलं. मास्तर पायरीवरच बसले. मुलीचं काम करणारी नटी मंगळवारी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघणार होती. हेच हिरव्या फरशीचं स्वयंपाकघर आधीच्या सात सीनमध्ये दिसून गेलं होतं. दुसरीकडे काढलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं.

"सोमवारपर्यंत," वहिनी बोटांवर मोजत म्हणाली, "नाहीतर सिनेमाला शेवटच नाही."

"सोमवारी तू तर असणारच नाहीस," मेहुणा कानसेनला म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

"माईकचा बांबू मी धरीन," मास्तर म्हणाले. "तू नोकरी बघ. वेडेपणा करू नकोस."

"तुम्ही?" कानसेन हसली. "मागच्या वेळी धरलात तर नटीच्या डोक्यात घातलात. तिची दोन दिवस मान धरली होती."

शनिवारी ती पत्ता काढत मीटरवाल्यांच्या घरी गेली. गृहस्थ गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, आज कुठंच जायचं नाही याची सवय करून घेत असलेले. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काल तुमचा केक माझ्यामुळे गेला. काकूंचा दोष नाही. मी फ्रिज बंद केला आणि विसरले."

त्यांनी चष्मा वर केला. "पाव कापला मी काल. स्लाइसचा. आधीच कापलेला." आणि ते असे काही हसायला लागले की आतून त्यांची बायको बाहेर आली. "छत्तीस वर्षं मीटर वाचले, पोरी. आकडा चुकला की लोक मलाच ओरडायचे. पण 'चूक माझी होती' म्हणत दारात आलेलं माणूस पहिल्यांदा बघतोय. बस. चहा घे."

"चहा नको. काकूंना एक फोन करा. केक रविवारी चालेल, तेवढं सांगा. मी आणून देते."

त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला.

रविवारी सकाळी कानसेन काकूंच्या दारात उभी राहिली. काकूंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू का परत?"

"केक न्यायला. गाडी तुमच्याच दारात आहे, चावी तुमच्याकडे."

"केक व्हायचाय अजून. भांडी पडलीयत."

"घासते."

तिनं भांडी घासली. एकही शब्द बोलली नाही, जे तिच्यासाठी फार होतं. काकू क्रीम फेटत राहिल्या. आणि फ्रिज घुरघुरत राहिला. मग खट्ट वाजलं आणि तो गप्प झाला. कानसेनचा हात साबणाच्या पाण्यात तसाच थांबला. तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटांनी तो परत सुरू झाला. वीस मिनिटं चालला. पुन्हा खट्ट. पुन्हा नऊ मिनिटं शांत.

"घड्याळ काय बघतेस? घाई आहे?"

"काकू, तुम्ही फ्रिज जास्त उघडला नाहीत तर तो मधेमधे आपणहून गप्प बसतो."

"सगळ्यांचेच बसतात. त्यात काय?"

"नऊ मिनिटं बसतो," कानसेन म्हणाली. "मला नऊ मिनिटं पुरतात. मी बटणाला हात लावणार नाही. बटणावर तुम्ही स्वतः बसा हवं तर."

काकूंनी क्रीमची वाटी खाली ठेवली. मग पदराच्या गाठीतून चावी सोडवली. "केक हळू ने. खड्ड्यात आदळलीस तर तुला परत ओळखणार नाही." कानसेन दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, "सोमवारी माझ्याकडे ऑर्डर नसते. सकाळी नऊला या. फ्रिज चालूच राहणार."

सोमवारी दहा. कानसेन गाडी चालवत होती, शेजारच्या सीटवर केक थरथरत होता, आणि तिच्या डोक्यात सोमवारी दहा हेच दोन शब्द. केक पोचवून तिनं रस्त्याकडेला गाडी लावली आणि स्टुडिओवाल्या साहेबांना फोन केला.

"सर, उद्या जमणार नाही. मंगळवारी येते."

"अहो, उद्या नवीन मालिका सुरू होतेय. उद्या नसाल तर दुसरं कुणी बघावं लागेल."

"बघा," ती म्हणाली. "माझा सीन राहिलाय." फोन ठेवल्यावर तिनं दोन मिनिटं स्टेअरिंग नुसतं धरून ठेवलं. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि गाडी सुरू केली.

मास्तरांना हे तिनं सोमवारी सकाळी सांगितलं, तेही केबल सोडवता सोडवता. मास्तरांचा चेहरा पडला. "अगं, असं कुणी करतं का?"

"तुम्ही शाळा सोडली तेव्हा कुणाला विचारलं होतंत? तो स्टँड धरा."

मग काम सुरू झालं. फ्रिज चालू असताना लाईट लावायचे, पीठ बदलायचं, तालीम करायची. खट्ट वाजलं की सगळे जागेवर. कानसेन डोळे मिटून हेडफोन दाबून उभी, बांबू उचललेला. पहिल्या नऊ मिनिटांत आईची बांगडी नको तिथं आपटली. दुसऱ्या खेपेला बाहेर कुणीतरी पत्र्यावर काहीतरी टाकलं. मेहुणा दात खात म्हणाला, "हे असंच चाललं तर संध्याकाळ होईल."

"होऊ दे की. फ्रिज पळून जातोय का?"

काकू फ्रिजला टेकून स्टुलावर बसल्या होत्या, खरंच बटणाशेजारी. तिसऱ्या खेपेला खट्ट वाजलं, आणि आईनं पिठात मुठी रोवल्या. मुलगी दारात. कानसेनच्या कानात पीठ दाबलं जात होतं, ओलं, जड. एक श्वास अडकला आणि सुटला. आईचे हात थांबले. काहीच न बोलता मुलगी पुढे आली आणि पिठाचा अर्धा गोळा तिनं स्वतःकडे ओढून घेतला. आता दोघी मळत होत्या. दोन वेगळे आवाज हळूहळू एका लयीत आले.

"कट," मास्तर म्हणाले, अगदी हलक्या आवाजात.

"कुणी हलू नका!" कानसेननं हात वर केला. "एक मिनिट. नुसती खोली हवीय."

प्रत्येक सीननंतर ती हे घ्यायची, त्या जागेची एक मिनिट रिकामी शांतता, वहिनींना एडिटिंगच्या वेळी तुकडे जोडायला. दोन्ही नट्या पिठाचे हात घेऊन उभ्या. मेहुणा एका पायावर. मास्तर भिंतीला चिकटलेले. काकूंनी श्वास रोखलेला, नाक लाल. चाळीस. पन्नास. काकूंच्या भुवया चढायला लागल्या. अठ्ठावन्न. एकोणसाठ. कानसेननं हात खाली सोडला, आणि त्याच क्षणी खट्ट, फ्रिज घुरघुरायला लागला.

"आ...क्छी!" काकूंनी भिंती हादरवल्या. "मेले मी! कधीची दाबून धरलीय! आलं का पण?"

कानसेननं हेडफोन मानेवर घेतले. "आलं काकू."

"अगदी?"

"अगदी."

सामान भरून झालं. कानसेननं खिसे चाचपले, पिशवी उलटी केली, मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खांदे उडवले.

"गाडीची चावी?"

"सकाळी ओट्यावर टाकली होतीस," काकू म्हणाल्या आणि स्टुलावरून उठून बाजूला झाल्या. "मी ठेवलीय जागेवर."

कानसेननं फ्रिज उघडला. आतला दिवा लागला. वरच्या कप्प्यात, क्रीमपासून लांब, झाकणाच्या डब्यात चावी होती, थंडगार.