टेकडीवरच्या शाळेचा निळा फ्रॉक

धाकटीला थोरलीच्या कशाकशाचा हेवा वाटायचा हे सांगायला बसलं, तर ऐकणाऱ्याला मुक्कामच करावा लागेल. थोरलीच्या स्वयंपाकघरात सकाळचा उजेड यायचा, त्याचा हेवा. तिच्या नळाला धार असायची, त्याचा हेवा. तिच्या जिन्यावरचा दिवा लागायचा, म्हणून त्याचाही हेवा. बरं, दोघी सख्ख्या जावा. एकीचा नवरा मोठा, दुसरीचा धाकटा, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. घरात दोघींना याच नावांनी ओळखायचे.

धाकटीचा नवरा बसच्या डेपोत मिस्त्री. बदली झाली आणि दोन पोरं, एक शिलाई मशीन आणि दोऱ्यांनी बांधलेली गाठोडी घेऊन मंडळी या गावात आली. थोरलीचं घर इथेच, दोन गल्ल्या सोडून. तिनेच सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. एवढंच करून थांबली असती तर धाकटीने सहन केलं असतं. पण बाईने खोल्या झाडून-पुसून ठेवल्या होत्या, माठ भरून ठेवला होता, आणि खिडक्यांना पडदे शिवून लावले होते. पडदे! तेही शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात! धाकटीने गाठोडं खाली न ठेवताच पडद्याचं टोक उलटून पाहिलं. माप बरोबर होतं. टाका मात्र हातचा आणि तिरपा, पावसाच्या सरीसारखा एका बाजूला कललेला. तेवढ्यावर तिने कसाबसा जीव शांत केला.

"आवडले का गं?" थोरलीने विचारलं.

"हो, छान आहेत ताई," धाकटी म्हणाली, आणि आठवडाभरात ते काढून स्वतः शिवलेले लावले.

खरं दुखणं मात्र पडद्यांचं नव्हतंच, ते पोरींचं होतं. थोरलीची बबी आणि धाकटीची चिमी एकाच वर्षाच्या, बबी काही महिन्यांनी मोठी. दोघी आता दुसरीत जाणार होत्या. चिमी घरात असली की छप्पर डोक्यावर घ्यायची, जिन्याच्या कठड्यावरून घसरायची, धाकट्या भावाला, गोट्याला, पाठीवर घेऊन घोडा व्हायची. पण परका माणूस समोर आला की तोंडाला कुलूप. वेणीचं टोक तोंडात जायचं आणि मग तुम्ही काहीही विचारा. आणि बबी? बबी कशी फुलासारखी, नाजूक, शेलाटी. बसवलं तिथे बसून राहायची. ताटात वाढलेलं निम्मं ठेवायची, तेही न सांडता. मोठ्यांच्या मध्ये बोलणं नाही, धावणं नाही, कपड्याला डाग नाही.

"बघा, याला म्हणतात वळण," धाकटी नवऱ्याला म्हणायची. "टेकडीवरच्या शाळेत जाते ती. आणि आपलं हे ध्यान!"

"पोरगी जरा गप्पच असते गं," नवरा म्हणायचा.

"गप्प नाही, समंजस! तुम्हाला फरक कळेल तर शपथ."

टेकडीवरची शाळा कुठूनही दिसायची. पांढरी, तीन मजली, काचेच्या खिडक्यांची. धाकटीच्या स्वयंपाकघरातूनही दिसायची. दूध उतू जाईपर्यंत ती बघत राहायची. तशात एका दुपारी थोरली आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "चिमीसाठी ती बाजारामागची शाळा बघ. छोटी आहे, पण मोठ्या बाई फार चांगल्या आहेत. मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी."

धाकटीचा कप हातातच राहिला. "आणि टेकडीवरची?"

थोरलीने बशीत बघितलं. "टेकडीवरची नको. चिमीला ती मानवायची नाही."

झालं! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्या पोरीला टेकडी, आणि माझ्या पोरीला बाजारामागचा बोळ? मानवायची नाही म्हणजे काय? माझी पोर काय रस्त्यावर पडलीय? थोरली जिना उतरेपर्यंत तिने तोंड आवरलं, आणि मग भांडी अशी घासली की खालचा सायकलवाला वर बघायला आला.

तरी बाजारामागची शाळा बघायला ती गेली. नावं ठेवायला तरी बघायला हवी ना! जुनं धान्याचं गोदाम होतं ते. भिंती उंच, खिडक्या अगदी वर, आणि मधल्या अंगणात कुंड्याच कुंड्या. मोठ्या बाईंच्या कोपराला खडू लागलेला. त्यांनी चिमीला ना नाव विचारलं, ना पाढे. हातात पाण्याची झारी दिली आणि म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या कुंड्या राहिल्यात बघ." चिमी गेली. थोड्या वेळाने तिकडून आवाज यायला लागला. पोरगी कुंडीला दटावत होती, "एवढंच पी, बाकीच्यांना नको का?" मग बाईंकडे वळून विचारलं, "ही वाकडी का आहे हो?" परक्या बाईला, आपणहून!

ते धाकटीला दिसलं. न दिसायला ती आंधळी नव्हती. पण त्या घडीला तिच्या डोक्यात थोरली बसली होती, तिथे दुसऱ्या कुणाला जागा कुठली? तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, "हे तर गोदाम आहे. इथे पोती ठेवायची की पोरं?"

मोठ्या बाई हसल्या. "पोती आम्ही काढली. आता पोरंच आहेत."

"माझी नाही राहायची," धाकटी म्हणाली, आणि चिमीचा हात धरून बाहेर पडली. चिमीच्या हातात झारी तशीच होती. परत द्यायला पुन्हा आत जावं लागलं, आणि तोऱ्यात निघून जायचं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्याच दिवशी ती टेकडी चढली. फरशी अशी गुळगुळीत की चप्पल वाजवायची भीती. ओळीने खुर्च्या, ओळीने आया, आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. आत टेबलामागच्या बाईंनी चिमीला एक विचारलं, दुसरं विचारलं, मग आवाज चढवून तिसरं विचारलं. चिमीच्या तोंडात वेणी. "जागा भरल्यात," बाई म्हणाल्या. "एखादी रिकामी झाली तर फोन करू." उतरताना धाकटीने पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "बबीने असं केलं असतं का? केलं असतं का?"

याच दिवसांत धाकटीला गणवेशाच्या दुकानात काम मिळालं. गावातल्या सगळ्या शाळांचे कपडे तिथे शिवले जायचे. टेकडीचा फ्रॉक गडद निळा, चापून बसवलेल्या चुण्या, पांढरी कॉलर. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकींचे निळे फ्रॉक शिवायचे आणि घरी येऊन चिमीकडे बघायचं, म्हणजे जखमेवर मीठच की. शेवटी तिला राहवलं नाही. तिने निळं कापड घरी आणलं आणि चिमीच्या मापाचा फ्रॉक बेतला. वाढत्या अंगाचं माप म्हणून शिलाईच्या आत भरपूर कापड दाबून ठेवलं, चुण्या इस्त्रीने अशा बसवल्या की हलायचं नाव नाही, आणि फ्रॉक खिळ्याला टांगला.

नवऱ्याने डबा ठेवता ठेवता तो पाहिला. "पोरीला शाळा नाही, आणि शाळेला फ्रॉक आहे," तो म्हणाला.

"तुम्ही बसच्या चाकांत लक्ष घाला," धाकटी म्हणाली.

आणि काय सांगावं, फोन आला! एक जागा रिकामी झाली होती. धाकटीने होकार दिला आणि पदर खोचून थेट थोरलीचं घर गाठलं. ही बातमी द्यायला फोन कसा चालेल? थोरलीचं तोंड बघायला नको का?

थोरलीचं तोंड खरंच उतरलं. हातातलं लाटणं तिने बाजूला ठेवलं. "घेतलीस? जागा घेतलीस तू?"

"का, घेऊ नये?"

थोरलीने बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथे मोठे भावोजी बसले होते, त्यांचे दोन पाहुणे होते. "शाळा सुरू व्हायच्या आत एकदा निवांत ये," ती हळूच म्हणाली. "मला बोलायचंय."

जळतेय! धाकटीच्या मनात लाडू फुटले. आयुष्यात पहिल्यांदा ही माझ्यावर जळतेय! ती निवांत गेलीच नाही. जिथे थोरली भेटेल अशा रस्त्याने तर मुळीच गेली नाही, आणि त्या आठवड्यात तिने कधी नव्हे ते गाणं गुणगुणलं.

शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी नवऱ्याने एक पिशवी आणली. "वहिनीने दिलीय. बबीचे निळे फ्रॉक आहेत. म्हणाली, तुला उपयोगी पडतील, पण आधी उसवून नीट बघ."

"जुने? माझ्या पोरीला हिचे उतरलेले कपडे?" धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या हातांना काय झालंय? शिवता येत नाही मला?" तिने ब्लेड घेतलं आणि पहिला फ्रॉक उलटा केला. चिंध्या करून पायपुसणीच करायची, असं तिने ठरवलं होतं.

बगलेखालची शिलाई सुटली आणि तिचा हात थांबला. दुकानाच्या शिलाईच्या आत दुसरी शिलाई होती, हातची. तिच्या आत तिसरी. टाका तिरपा, एका बाजूला कललेला. हा टाका ती ओळखत होती, पडद्यांवर पाहिला होता. दुकानात पोरांचे कपडे सैल करायला येतात, दर वर्षी, ढिगाने. आत दाबलेलं कापड सोडायचं आणि फ्रॉक वाढवायचा, हाच तिचा रोजचा धंदा. वाढत्या पोरीचा फ्रॉक पुन्हा पुन्हा आत घेतलेला तिने कधी पाहिला नव्हता. म्हणजे बबी बारीक होत गेली होती. आणि थोरली दुकानात न जाता, कुणाला दिसू नये म्हणून, घरी बसून तो आत घेत गेली होती.

मग तिने कॉलर पाहिली. दोन्ही टोकं चावून चावून दोरे निघालेले.

खोटं कशाला सांगायचं, पहिल्यांदा धाकटीला गुदगुल्या झाल्या. महाराणीच्या घरातही असं चालतं तर! क्षणभर तिने तो फ्रॉक हातात धरून मजा चाखली. चिमी काही बबीसारखी लेचीपेची नाही, असंही मनाशी म्हणाली. एवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. चिमी खिळ्याला टांगलेल्या निळ्या फ्रॉककडे बघत उभी होती. वेणी तोंडात. घरात, आपल्या माणसांत, पहिल्यांदाच.

धाकटी चपला न घालताच उतरली.

थोरली एकटीच होती, भाजी निवडत. धाकटीने फ्रॉक तिच्यापुढे धरला.

"रिकामी झाली ती जागा बबीची ना?" धाकटीने विचारलं.

"हो. काढली मी तिला. आता बाजारामागे जाणार." थोरली देठ मोडत राहिली. "टेकडीवर बाईंचा आवाज चढला की हिचं जेवण बंद. रोज सकाळी पोटात दुखायचं. भावोजींना तुझ्या वाटायचं, होईल सवय. मलाही वाटलं. वर्ष घालवलं मी पोरीचं."

"मग मला स्पष्ट का नाही सांगितलंत, ताई? नको म्हणालात, का नको ते नाही म्हणालात!"

थोरलीने मान वर केली. डोळे भरले होते, पण ती हसत होती, जरा ओशाळून. "कशी सांगणार गं? तू आल्यापासून माझ्या घराकडे अशी बघायचीस, जणू इथे सगळं सोन्याचं आहे. नळाकडेसुद्धा! मला ते आवडायचं. घरात कुणालाच वाटत नव्हतं माझं बरं चाललंय म्हणून. मलाही वाटत नव्हतं. तुला एकटीला वाटायचं."

इतके दिवस धाकटी पोटात आग घेऊन फिरली, आणि ही बाई त्या आगीवर हात शेकत बसली होती! राग यायला हवा होता. ती खाली बसली आणि भाजीची अर्धी जुडी स्वतःकडे ओढली.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बाजारामागच्या शाळेत गेल्या. धाकटीने वाटेत क्षमा मागायची वाक्यं जुळवली होती, ती दारातच विसरली. मोठ्या बाईंनी तिला ओळखलं. "चिमीची जागा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या जाऊबाई मध्यंतरी येऊन गेल्या. म्हणाल्या, तिची आई येईल, जरा उशिरा येईल." चिमीने तोवर झारी शोधली होती आणि बबीला कुठल्या कुंडीला किती पाणी ते बजावत होती.

धाकटीला रडू आलं, आणि त्या रडण्यातही तिच्या मनात आलंच: बघा, इथेही हीच आधी पोचली.

खिळ्याला टांगलेल्या निळ्या फ्रॉकमधून जेवणाच्या डब्याच्या दोन पिशव्या निघाल्या, एक चिमीची, एक बबीची. हिवाळा सरता सरता थोरली दुकानात आली, सगळ्यांसमोर, गल्ल्याशी उभी राहून. पिशवीतून बबीचा नव्या शाळेचा चौकड्यांचा फ्रॉक काढला. "जरा सैल करून दे गं. बगलेत दाटतोय तिला."

धाकटीने फ्रॉक उलटा केला. चिमीचा गेल्याच आठवड्यात सैल केला होता, तोही थोडासाच. बबीला त्याहून जास्त लागणार होता. हेव्याची जुनी कळ उठली, ओळखीची, अगदी जागच्या जागी. तिने थोरलीकडे एक जळजळीत नजर टाकली, ब्लेड उचललं, आणि शिलाईच्या आत होतं नव्हतं तेवढं सगळं कापड सोडलं.