तळावरची थाप

आज सोसायटीच्या गच्चीवर डांबर वितळवतायत. तो वास आला आणि मी पुन्हा पवईच्या तलावात, दिनूच्या होडीशेजारी जाऊन पोचलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दिनू माझा मामेभाऊ. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट शिकारी, होडी उलटली तरी आत बसूनच वल्ह्याच्या फटक्याने सरळ होतात, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि बांबू, ताडपत्री, डांबर जमवून तशा दोन अरुंद होड्या बनवल्या. पाणी शिरू नये म्हणून होडीत बसायच्या तोंडाभोवतीचं कापड कमरेला करकचून बांधायचं. मग एकट्याने सुटणं कठीण.

"उलटल्यावर सरळ व्हायला नाही जमलं तर होडीचा तळ बडवीन. तुझ्या होडीचं नाक माझ्या हाताशी आण, ते धरून उठेन. झोपू नको रे!"

"आणि बुडलास तर मामीला काय सांगू?"

"सांग, मासे आणायला गेलाय."

तो उलटला. थोड्या वेळाने तळावर थापा ऐकू आल्या. मी हातभर अंतरावर होतो आणि हललो नाही. सगळी चाळ त्याचंच कौतुक करायची; मला वाटलं, एकदा होऊ दे फजिती. थापा मंदावल्या, थांबल्या. आता जायचं होतं, तर माझे हातच उचलेनात.

अचानक पाणी फाटलं आणि दिनू सरळ झाला, खोकत, थरथरत.

"तू आला नाहीस म्हणून जमलं, यार! तुला माहीत होतं ना, मी उठेन?"

"हो," मी म्हणालो.

तेव्हा वाटलं, सुटलो. दिनू अजून माझ्याकडे बोट दाखवून मुलांना सांगतो, "माझ्यावर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी ठेवला नाही."