गाडी कोठे शे?

दादा गेला तेव्हा वर्षाची गाडी खांडबारा स्टेशनात होती. तिथून आमचं नंदुरबार फार लांब नाही. त्याला आता महिना झाला. वर्षा ही त्याची एकुलती मुलगी, सुरतेला असते. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

सुभाषदादा माझा थोरला भाऊ, मिरची वाळवायच्या पथारीवर मुकादम. मिरची वाळत पडली की आमच्याकडे सगळेच खोकतात, त्यामुळे त्याचा खोकला निराळा आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. "मिरचीना ठसका शे, पोऱ्या. हंगाम सरना की जाई," म्हणायचा. हंगाम सरले, खोकला गेला नाही. फुप्फुसं निकामी होत गेली. आडवं होता येईना. टेबलावर कोपरं टेकून, पुढे वाकून, बसल्या बसल्याच झोपायचा... गेल्या वर्षी घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. वाचला. घरी आल्यावर म्हणाला, "मन्हा हात कॉटले बांधेल व्हतात. परत ती नळी नको. तू ध्यान ठेव." मी हो म्हणालो.

या वेळी हॉस्पिटलात मास्कचा ऑक्सिजन पुरेना. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "नळी घातली तर मुलगी येईपर्यंत बहुधा राहतील. पण पुन्हा मशीनवरून निघतील असं वाटत नाही." वर्षा गाडीतून फोनवर रडत होती, "काका, मी येस तोवर तरी आप्पासले..." डॉक्टरांनी दादालाच विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. नळी नको, या कागदावर मी सही केली. थोड्या वेळाने मास्क बाजूला सारून तो म्हणाला, "गाडी... कोठे शे?" मोबाइलवर पाहून मी सांगितलं, "खांडबारा." त्यानंतर तो बोलला नाही.

मी आकड्यांचा माणूस. त्याचा नकार आणि त्याचा प्रश्न कितीदा एकाखाली एक मांडले, बेरीज होत नाही.

टेबल तसंच आहे. कोपरांच्या दोन जागी पॉलिश उडालंय. परवा वर्षा त्याच खुर्चीत बसली आणि तिची कोपरं नेमकी तिथेच टेकली.

"काका, आप्पांनी मान हलाई, ती गाडी इचारानी आधी का मंग?"

"आधी."

"मंग गाडी इचारी, तवय त्यासले परत कोन्ही इचारं का, नळी घालू का म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. "कुणीच नाही."

तिने कोपरं उचलली नाहीत.