मोरचुदाने नितळ झालेला तलाव

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी तुमसरजवळच्या आमच्या सिहोऱ्याहून एसटीत बसले. नागपूर, मुंबई आणि तिथून कॅनडा. कशाला, तर तळ्याच्या तळच्या चिखलातले जंतू अभ्यासायला. बाबांनी ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन चारचौघांत म्हणाले, "चिखलातच हात घालाचा होता, त धानाच्या रोवण्यात का धाड भरली होती तुले?" गाडी सुटेपर्यंत मी दुसरीकडेच पाहत बसले.

तिथल्या तळ्यातही आपल्यासारखंच हिरवं शेवाळ. ते पाणी पिऊन गुरं मरायची. आम्ही जारमध्ये तळचा चिखल घालायचो, वर शेवाळाचं विषारी पाणी. पहिले काही दिवस ढिम्म काही होत नाही. मग जंतूंना त्या विषाची चटक लागते आणि ते खाऊन संपवतात. तेच पाणी टोचलेला उंदीर मग मजेत फिरतो. चिखल उकळून घातला तर जंतू मेलेले, विष जसंच्या तसं. वर्षानुवर्षं मी हेच करत होते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल, आपलं काम गावाला समजावणं किती डोकेफोडीचं असतं.

एका उन्हाळ्यात धाकट्या भावाचं, सुखदेवचं पत्र आलं. तलाव हिरवागार झाला म्हणून गावाने त्यात पोत्याने मोरचूद ओतलं, आता शेवाळाचं नाव नाही, असं खुशीत लिहिलं होतं. मी कपाळावर हात मारला. अरे, शेवाळ मेलं की पोटातलं सगळं विष पाण्यात सोडतं! पाणी दिसतं नितळ, आणि तेव्हाच ते सगळ्यात वाईट असतं. आमची नांगराच्या हेल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी त्याच तलावावर पाणी प्यायची. रोवण्याआधीची चिखलणी तोंडावर आलेली; हेले गेले तर त्या साली धान नाही.

तुमसरच्या ओळखीच्या दुकानात ट्रंक कॉल लावून सुखदेव आणि मायला बोलावून घेतलं. दोघांनी एकाच रिसिव्हरला कान लावला. मी ओरडून सांगितलं, महिनाभर हेले तलावावर नेऊ नका, तळचे जंतू विष खाईपर्यंत थांबा.

"पाणी त काचेवानी दिसून राहिलं, बाई. थांबाचं काहून?" सुखदेव म्हणाला.

"जंतूंना वेळ लागतो रे!"

"जहर खाऊन तुये जंतू मरत काहून नाही?"

हाच प्रश्न माझ्या प्रोफेसरांनीही विचारला होता, पण त्यांना उत्तर द्यायला वर्षं होती. इथे ट्रंक कॉलची तीन मिनिटं. चिडून चिडून मला रडूच फुटलं आणि लाइन कटली.

त्या हिवाळ्यात गावी गेले. हेले गोठ्यात रवंथ करत उभे. "पाह्य, काही झालं का? फुकटच घाबरवलं तू आमाले," सुखदेव म्हणाला. शेजाऱ्याच्या दोन गाई मात्र त्याच महिन्यात मेल्या होत्या. ऊन लागलं म्हणे! असा संताप आला मला. मग महिनाभर हेल्यांना पाणी कुठलं पाजलंत, विचारलं. मायने पाजलं, विहिरीचं, रोज शेंदून.

"माय, तुला पटलं होतं माझं?"

"छट्! किडे का जहर खातेत? काहीबाही बोलत होती तू."

"मग कशाला शेंदलंस?"

"तू रडून राहिली होती ना."

इथे कॅनडात पुरावा दिल्याशिवाय माझ्यासाठी कोणी बोटसुद्धा हलवत नाही, आणि ते बरोबरच आहे. घर कुठलं असं कोणी विचारलं की मी अजून सिहोराच सांगते. तिथे एक बाई आहे. तिला माझं एक अक्षर पटत नाही, पटवून घ्यायचंही नाही, आणि तरी ती भर उन्हात खांदा दुखेस्तोवर विहिरीवर उभी राहते. काय करावं या बाईचं, तुम्हीच सांगा!