शेळीवर घेतलेला आळ

कळंबला घर बांधलं तेव्हा मी हट्टानं पुढं लॉन करून घेतलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळं घरातही आपलंच खरं करायची सवय. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी ते गवत बघून एवढंच विचारलं, "हे खाणार कोण?"

खाणारी त्यांनीच शोधली. मागच्या गल्लीतल्या एक मावशी चार वाजता आपली शेळी घेऊन यायच्या. शेळीला फक्त कुंपणाच्या कडेची पट्टी चरायची परवानगी होती. मधल्या उंच गवताला मी कुणाला हात लावू देत नव्हते. दोघी म्हाताऱ्या त्या कडेलाच पाय पसरून बसत. आत्याबाई सास्तूरहून आलेल्या, इथं त्यांच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. त्या तासाभराच्या गप्पांसाठी त्या दिवसभर थांबलेल्या असत. हे मला कळत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल.

उन्हाळा लागला आणि मला काहीतरी चावायला लागलं. संध्याकाळी पाणी मारून मी लॉनच्या मधोमध चहा घेत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी घोट्यांवर, कंबरेला साडी खोचतो तिथं, लालभडक पुरळ. वर्गात फळ्याकडं तोंड करून खाजवायची वेळ आली. चावणारं मात्र काही दिसत नव्हतं. मी सरळ शेळीवर आळ घेतला. मावशींना फाटकातच म्हणाले, "तुमची शेळी गोचीड आणते. उद्यापासून नका आणू."

त्यांनी तिथूनच शेळी वळवली आणि गेल्या.

"मग मला कसं चावत न्हाय?" आत्याबाई म्हणाल्या. "म्या तर शेळीच्या शेजारीच बसते."

"तुमचं अंग राबून निबर झालंय," म्हणून मी त्यांना उडवून लावलं.

दीड महिना गेला. खाज वाढतच गेली. कडेचंही गवत वाढलं आणि आता तिथं बसलं तरी चावायचं. चार वाजले की आत्याबाई फाटकाकडं बघत, मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडत. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. शेवटी मी शेतीच्या औषधांच्या दुकानात गेले आणि शेळीपासूनचं सगळं सांगितलं.

"गोचीड डोळ्याला दिसतोय की, बाई," दुकानदार म्हणाला. "हे त्याहून बारीक, लाल किडे. उंच, ओलं गवत आन् खाली साचलेला पाला, तिथं त्यांचं घर. गवत बुडातून कापा, पाला खरडून काढा, ऊन लागू द्या. पाणी सकाळी द्या. तरी न्हाय गेले तर द्राक्षावर मारतेत ते गंधक धुरळा." मग सहज विचारलं, "शेळी चरायची तिथं न्हवतं चावत, व्हय ना?"

मला दुकानातच लाज वाटली. तशीच मावशींच्या दारात गेले. खुंटा रिकामा होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "गवत वाढलं म्हणून किडे झाले. शेळी घेऊन या उद्यापासून."

"इकली, बाई, मागच्या बाजारी," त्या शांतपणे म्हणाल्या. "चारा मिळंना. तुमच्या हितं तिची एक येळ भागत व्हती."

"तुम्ही तरी या," मी म्हणाले. "आत्याबाई रोज वाट बघतात."

दुसऱ्या दिवशी चारला मावशी आल्या, हातात दोन विळे घेऊन. आत्याबाई लगबगीनं फाटकापर्यंत गेल्या. मग दोघींनी बसल्या बसल्या, गप्पा मारत, माझं सगळं लॉन बुडातून कापून काढलं. मी मागून पाला खरडत गेले. कित्येक दिवसांनी आत्याबाईंचं हसणं कानावर पडत होतं.

फाटकाजवळ हिरव्या गवताचा ढीग झाला. निघताना मावशींनी सवयीनं त्यातलं कवेत मावेल तेवढं उचललं, रस्त्यापर्यंत गेल्या, आणि परत येऊन ते होतं तिथं ठेवलं.