तरवडाला खुरपं लागलं नाही

वैजू, अशी जवळ ये. लांबून काय ऐकणार? आणि हे काय ऐकते मी, दारात लॉन लावलंस म्हणे? पुण्याहून गवताच्या गाद्या आणून? नगरच्या उन्हात? कान धरायला हवा तुझा. बस आता, ऐक.

बाहत्तर साल. सावेडीच्या माळावर मुलींची नवी शाळा झाली होती आणि तिथली बाग माझ्याकडे होती. मी काही शिकलेली माळीण नव्हे. बापाच्या बांधावर जे उगवायचं ते बघत मोठी झाले, तेवढंच शिक्षण. सेक्रेटरी साहेबांना गुलाब आणि लॉन हवं होतं. मी म्हटलं, "खाली सगळा मुरूम आहे. पाणी टँकरचं. मला इथलीच झाडं लावू द्या."

आदल्या पावसाळ्यात लावली. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत तरवड. तरवड म्हणजे माळावर वाढणारं पिवळ्या फुलांचं झुडूप, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्याचं बी टणक. रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं तरच रुजतं. मध्ये मारवेल गवत, कडेला शमी आणि आपटा. ओळीत नाही हं. टेकडीवर दिसतात तशी, दगड-धोंडे मध्ये ठेवून. पहिलं वर्ष आठवड्याला एक तांब्या पाणी. पुढं मूळच खाली पाणी शोधतं.

बाहत्तरला पाऊसच झाला नाही. साहेब रोज फाटकात थांबून बघायचे.

"बाई, हे काय रान माजवलंय?"

"साहेब, रानच आहे. लावलेलं."

"मुंबईचे पाहुणे येणार आहेत पुढच्या आठवड्यात. शाळेला देणगी द्यायची की नाही, ते बघून ठरवणार. त्यांनी काय रान बघायचं?"

"थांबा, तोवर फुलेल."

"बघू. नाही जमलं तर दुसरा माळी बघावा लागेल."

नोकरी गेली असती तर गेली असती, पण सव्वा वर्ष जपून वाढवलेली झाडं जाणार, याचीच धास्ती.

करवंदाची रोपं हवी होती म्हणून दोन दिवसांची रजा काढून मी राजूरला गेले. तिथल्या बाजारात डोंगरातल्या बायका रोपं आणतात. परतताना एस.टी.च्या टपावर रोपांची टोपली, आणि मी आत बसून सारखी खिडकीतून वर बघतेय. नगरच्या स्टँडवर उतरले तर शाळेचे शिपाई गणपतराव समोर.

"अक्का, आधी शाळेत चला. साहेबांनी सकाळी खुरपणीला बायका लावल्यात. म्हणाले, रान सगळं काढा."

टोपली त्यांच्या हाती दिली आणि मी धावतच सुटले. चूक माझीच होती, झाडांना हात लावू नका, असं कोणाला सांगून गेले नव्हते. खुरपणाऱ्या बाईला शेतातलं तण ओळखायला शिकवावं लागत नाही. आणि माझी सगळी बाग तिच्या हिशेबी तणच.

फाटकात पाहिलं तर मारवेलाचे चार भारे बांधून ठेवलेले. पुढं बघवेना. पण तरवड उभा! सगळाच्या सगळा, पिवळाधमक. बायका व्हरांड्याच्या सावलीत बसलेल्या, खुरपी-विळे बाजूला, पदरात फुलं.

"पारूबाई, काढलं नाहीत?" त्यांच्यातल्या म्होरक्या बाईला मी विचारलं.

"काढायचं? आक्का, आज घट बसलं न्हवं? माळंला तरवड लागतो. झेंडू तर औंदा कुठं बी न्हाई. घटाच्या तोंडावर आमी तरवड उपटू व्हय?"

तेवढ्यात साहेब तरातरा आले. "बसून काय राहिलात? सांगितलं होतं ना!"

"सांगितलं हुतं. घट उठल्यावर या साहेब. तवा बी न्हाई म्हनू."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. साहेब काही बोलणार, तोच मागून त्यांच्या मंडळी आल्या, हातात परडी.

"अहो, सगळा बाजार पालथा घातला, एक फूल मिळालं नाही. आणि आपल्या शाळेत एवढा तरवड! बाई, नऊ दिवस माळेपुरती फुलं द्याल ना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "राहू द्या मग."

मी तिथंच मुरमावर बसले आणि पाणी मागितलं. पारूबाईनं दिलं.

"आन् ह्ये गवत न्यू का? घरी गाय उपाशी हाय."

"न्या. विळ्यानंच कापलंय ना? मूळ आहे, फुटेल."

पाहुणे आले तेव्हा आजूबाजूचा माळ करपलेला आणि आमचं आवार पिवळं. त्यांनी विचारलं, "पाणी किती घालता?" मी म्हटलं, "यंदा थेंब नाही." साहेब पुढं झाले. "आम्ही मुद्दाम इथलीच झाडं लावली." मी मान हलवली. देणगी मिळाली, माझी नोकरीही राहिली.

तेव्हापासून कुणाची बाग करायची झाली की मी नकाशा नंतर काढते. आधी तिथल्या बायकांना विचारते, सणाला कोणतं फूल तोडता? ते फाटकाशी लावते. राखण आपोआप होते.

तर वैजू, ते लॉन गुंडाळून ठेव. तरवडाचं बी काढून ठेवलंय तुझ्यासाठी, फडक्यात बांधून. घट बसायच्या आत ये, परडी घेऊनच ये.